आधी डाग ओळखावा
सोलापूरच्या आसपास शेतघरात पोहण्याचा तलाव बांधला, की तो भरतो बोअरच्या पाण्याने. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. उजनी धरणाचं ते पाणी पोहायला वापरावं असं कुणाच्या मनातही येत नाही. बोअरचं पाणी मात्र काळ्या पाषाणातून आलेलं, जड. बादलीला आणि गिझरच्या कॉइलला धरणारा पांढरा थर इथे घरोघरी ठाऊक आहे. निळ्या टाइल्सवर तो जास्त डोळ्यांत भरतो, इतकंच.

होटगी रस्त्याकडच्या मावसभावाच्या तलावात एप्रिलमध्ये दोन तऱ्हेचे डाग होते. पाण्याच्या पातळीला चारी बाजूंनी पांढरी, खरखरीत रेघ आणि पाणी आत येतं त्या तोंडाखाली विटकरी पट्टा. देखभालीला येणारे अण्णा अ‍ॅसिडचा कॅन घेऊन आले होते, पण झाकण उघडलं नाही. ‘‘आधी डाग कशाचा ते बगू, मग ओतू,’’ म्हणाले. सगळं कौशल्य या क्रमात आहे असं मला वाटतं.

टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन त्यांनी फिनॉल रेडचे थेंब टाकले. रंग गडद गुलाबी झाला, पीएच किटच्या शेवटच्या खुणेवर, ८.२. हवा ७.२ ते ७.६. पीएच इतका चढला की पाण्यातला चुना भिंतीला धरतो, शिवाय क्लोरीनची ताकद जाते; ८.२ला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा जंतू मारण्याच्या कामाचा उरतो. पांढऱ्या रेघेचा कपचा काढून त्यावर अ‍ॅसिडचा थेंब सोडला, तो फसफसला. म्हणजे चुनाच.

विटकरी पट्ट्याचं कोडं अवघड होतं. वर कडुनिंब आहे, आणि कुजलेल्या पानांचा डागही तपकिरीच पडतो. पानांचा डाग क्लोरीनने फिकटतो, लोखंडाचा नाही. अण्णांनी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून जुन्या मोज्यात भरल्या, मोजा काठीला बांधून पट्ट्यावर दाबून धरला. थोड्या वेळाने उचलला, तर खाली मोज्याच्या आकाराची स्वच्छ निळी टाइल! डाग लोखंडाचा, बोअरच्या गंजलेल्या केसिंगमधून आलेला. असं पाणी पाइपातून नितळ दिसतं. क्लोरीन पडला की त्यातलं विरघळलेलं लोह गंज होऊन बसतं.

मग क्लोरीन टाकणं थांबवलं, उन्हानेच तो उतरला. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडची, म्हणजे व्हिटॅमिन सीचीच, पावडर पसरून पंप चालू ठेवला. पट्टा गेला, पण लोह पाण्यातच होतं. ते धरून ठेवणारं औषध आधी घातलं आणि क्लोरीन हळूहळू वाढवला. एकदम ओतला असता तर डाग पुन्हा भिंतीवर आला असता. तोवर कुणीही पाण्यात उतरायचं नाही. पीएच उतरवण्याचं अ‍ॅसिडही थोडं थोडं, पंप चालू असताना. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एका बादलीत कधीही नको, विषारी वायू सुटतो.

खेड्यात विहिरीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, इथे तलावातही सर्रास घालतात. ती चुन्यापासूनच बनते. जड पाण्यात प्रत्येक मापागणिक आणखी चुना. त्यापेक्षा द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट बरं. शेवाळावर मोरचूदही बेताने वापरावं, जास्त झालं की निळसर-हिरवे डाग पडतात.

तलाव उपसून नव्याने भरायचा विचार भावाच्या मनात होता. अण्णांनी नको म्हटलं, मलाही ते पटलं. त्याच बोअरचं पाणी तोच चुना, तेच लोह घेऊन येणार. मे महिन्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि भर घालावी तीही बोअरचीच. जडपणा उतरायला मऊ पाणी हवं, ते फुकट मिळतं पावसात. १०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच हजार लिटर. छताचा पाइप आता गाळणीतून तलावाकडे वळवला आहे. पहिल्या सरी बाहेर सोडायच्या, छतावरची धूळ नको. नंतरचं पाणी आत घ्यायचं आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरण्याची पाण्याची क्षमता, तपासत राहायची. ८० पीपीएमच्या खाली गेली की खाण्याचा सोडा.