उतारवयातील पावले आणि नखे

उतारवयात दृष्टी मंदावली की चष्मा केला जातो, दात पडले की कवळी बसविली जाते. पावलांकडे मात्र ती चालेनाशी होईपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जन्मभर शेतात अनवाणी राबलेल्या किंवा आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी गेलेल्या माणसाला नखाची ती काय क्षिती वाटणार? तथापि वृद्धांच्या पायांना होणाऱ्या अनेक गंभीर जखमांचा आरंभ अशाच क्षुल्लक कारणातून होतो. नख खोलवर कापले जाते, कुरूप ब्लेडने खरवडले जाते, किंवा चपलेच्या अंगठ्याने बोट घासले जाते.

पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे येण्यास बारा ते अठरा महिने लागतात. वयाबरोबर हा वेग आणखी मंदावतो आणि नख जाड, पिवळसर व ठिसूळ होते. बुरशीचा संसर्ग असल्यास अधिकच. त्यातच कंबर वाकत नाही, नजर पोहोचत नाही. पूर्वी गावचा नाभिक धोकटीतील नराणीने म्हाताऱ्या माणसांची नखे काढून देत असे. ही सेवा आता दुर्मीळ झाली आहे आणि तिची जागा पुष्कळ घरी दाढीच्या ब्लेडने घेतली आहे, हे चिंताजनक होय.

नखे स्नानानंतर, ती मऊ असताना कापावीत. तिन्हीसांजेनंतर नखे कापू नयेत, असे घरातील वडीलधारी माणसे सांगत. त्यामागील समजूत काहीही असो, भरपूर उजेडात नखे कापावीत हे योग्यच आहे. पायाची नखे हाताच्या नखांप्रमाणे गोलाई देऊन कापू नयेत. कोपरे खोल कापले गेले तर वाढणारे नख बाजूच्या मांसात रुतते आणि तेथे पू धरतो. नख सरळ रेषेत कापून त्याच्या कडा बारीक कानशीने घासाव्यात. जाड नख एकाच वेळी दाबून तोडण्याचा अट्टहास न करता ते दोन-तीन दिवसांत थोडेथोडे कमी करावे. नेलकटर प्रत्येकाचे वेगळे असणे उत्तम. ते शक्य नसल्यास वापरापूर्वी व वापरानंतर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावे.

खरा धोका दुखणाऱ्या पायाला नसून न दुखणाऱ्या पायाला आहे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या पायांतील मज्जातंतू निकामी होत जातात. पायातील चप्पल गळून पडली तरी त्यांना कळत नाही, मग आत शिरलेला खडा कोठून कळणार? डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये रुजू झाले. कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करताना त्यांनी दाखवून दिले, की बोटे झिजण्याचे मोठे कारण म्हणजे वेदनेचा इशाराच न मिळाल्याने वारंवार होणारी इजा. मधुमेही पायाची गतही अशीच होते. त्यात रक्तपुरवठा मंदावलेला असला तर जखम भरत नाही, ती हाडापर्यंत जाते आणि बोट अथवा पाऊल कापण्याची वेळ येते. पायाची संवेदना तपासण्याची रीत सोपी आहे. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात. डोळे मिटलेल्या रुग्णाने स्पर्श जाणवला की सांगावयाचे असते.

ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी आपली नखे आपण कापू नयेत. ज्याची नजर चांगली व हात स्थिर आहे अशा घरच्या माणसाने, आणि नख जाड वा रुतलेले असल्यास परिचारिकेने अथवा डॉक्टरांनी ते काम करावे. कुरूप किंवा भोवरी ब्लेडने कापू नये. बाजारात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत आम्ल असते, तीही टाळावीत. पाय ऊन पाण्यात फार वेळ बुडवून ठेवू नयेत. पाणी किती ऊन आहे हे पायाने न पाहता कोपराने पाहावे. शेकण्याची पिशवी तळव्याशी घेऊन झोपणे, किंवा चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणे, यांमुळे तळव्यावर फोड येतात आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतात.

रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. ओल राहिल्यास चिखल्या होतात. टाचांच्या भेगांना खोबरेल तेल चोळावे, परंतु बेचक्यांत तेल राहू देऊ नये. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावा, अथवा नातवाला पाहावयास सांगावे. दिवसअखेर पाऊल किंचित सुजते, म्हणून नवे पादत्राण सायंकाळी घ्यावे. ते घालण्यापूर्वी रोज आत हात फिरवून पाहावे.

सूज, लाली, पू, दुर्गंधी किंवा बोटावर काळसर छटा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. जखमेत तंबाखू अथवा चुना भरण्यात दिवस घालवू नयेत. वयोवृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला असून त्यात जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत वृद्धांच्या तपासणीची योजना आहे. रक्तातील साखर तपासून घेण्यासाठी तेथे जाणाऱ्यांनी, कोणी विचारले नाही तरी, दोन्ही पावले तळव्यांसह डॉक्टरांना दाखवावीत.