अंगण गेलं, भिंत उरली

गोधडी शिवायला आधी लागते ती पसरायला जागा. पडवीत नाहीतर सारवलेल्या अंगणात एक जुनं लुगडं अंथरायचं, तळहाताने सुरकुत्या मोडायच्या, कोपऱ्यांवर हाताशी असेल ते वजन ठेवायचं. आत धोतरं, परकर, विरलेल्या चादरी आणि वर त्यातल्या त्यात धड असलेलं कापड किंवा जोडलेले तुकडे. मग धावदोरा कडेकडून आत सरकत जातो. कोणता तुकडा कुठे बसवायचा हे ठरवणारी बाई दोन पावलं मागे सरकून, ओट्यावर उभी राहून खाली बघते. ओट्याची ती उंची तिच्या फार उपयोगाची होती. हे पुढे, ती उंची गेल्यावर कळलं.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला असलेल्या सांडोरसारख्या गावात आता वाडीतल्या बैठ्या घरांच्या शेजारी इमारती उभ्या आहेत. मुंबईच्या लोकलने इथल्या जागेला चौरस फुटांचा भाव लावला होता. इमारतीतल्या घरात शिलाई मशीनच्या वाट्याला आली ती फार तर आठ बाय दहाची खोली. तिच्यात एक कपाट, इस्त्रीचं टेबल आणि दाराआड उभी केलेली घडीची खाट. जमिनीवर गोधडी पसरली तर मशीनपर्यंत जायला वाट राहत नाही. मग तुकडे पलंगावर मांडायचे आणि रात्री झोपायच्या वेळी गोळा करायचे. सकाळी पुन्हा मांडताना कालची जुळणी आठवत नाही.

या अडचणीवर परदेशातल्या क्विल्ट करणाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे डिझाइन वॉल. मराठीत तिला मांडणीची भिंत म्हणावं. तिच्यामागची दृष्टी घडायला एका प्रदर्शनाचा मोठा हातभार लागला. १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी आपल्या संग्रहातली जुनी अमेरिकन क्विल्टं चित्रांसारखी भिंतीवर टांगली. पांघरूण पलंगावरून उठून डोळ्यांसमोर उभं राहिलं. पुढे कलाकार-क्विल्टर तयार काम तर टांगू लागलेच, पण शिवण्याआधीचे सुटे तुकडेही भिंतीवरच मांडून पाहू लागले.

आपल्याकडे मात्र जमीन सुटली नाही. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तर आधी मांडलीच जात नाही. एका कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेने तुकडे लावत, शिवत शिवतच त्या मध्याकडे येतात. तिथे मांडणी हातातच असते. ज्यांना ते जमतं त्यांना भिंतीची गरज नाही, हे मान्य करायलाच हवं.

बाकीच्यांना आहे. आणि ही भिंत आपल्याला वाटते तितकी परकी नाही. डी.एड. केलेल्या कोणत्याही जुन्या बाईंना खादी फलक आठवेल. पाटीवर ताणून लावलेली खादी किंवा फलालीन आणि पाठीला काचकागद डकवलेली आंबा, केळं, पोपट अशी चित्रं. चित्र नुसतं दाबलं की चिकटायचं. ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गांतही बायबलमधल्या गोष्टी सांगायला फलालिनीचा फलक जगभर वापरला गेला. मांडणीची भिंत म्हणजे हाच फलक, फक्त पुरुषभर उंचीचा. फलालिनीवर उठवलेली लव सुती तुकड्याच्या धाग्यांत अडकते, म्हणून टाचणीशिवाय तुकडा धरून राहतो. रेशीम आणि सॅटिन गुळगुळीत, ते घसरतात. त्यांना टाचणी हवीच.

आता मापाकडे येऊ. एका माणसाची गोधडी ६० बाय ९० इंच धरली आणि तिच्यात ६ इंची चौकोन बसवले, तर आडवे १० आणि उभे १५, म्हणजे १५० तुकडे लागतात. प्रत्येक बाजूला पाव इंच शिलाईसाठी सोडायचं, म्हणून तुकडा कापायचा साडेसहा इंचांचा. गंमत इथे होते. न शिवलेले तुकडे कडेला कडा लावून मांडले तर ६५ बाय साडेसत्त्याण्णव इंच जागा खातात. तयार गोधडीपेक्षा तिची मांडणीच मोठी. बाजारात सहज मिळणारा ८ बाय ४ फुटांचा सॉफ्टबोर्ड उभा लावला तर त्यावर सात रांगांत चौदा-चौदा, असे ९८ तुकडे मावतात. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश गोधडी एका नजरेत येते. लहान खोलीत एवढं पुष्कळ झालं. तेवढी भिंतही मोकळी नसेल तर फलालीन पडद्याच्या दांडीवर लावावी आणि काम संपलं की तुकड्यांसकट अलगद गुंडाळावी. कपाटाचं दारही चालतं. थर्मोकोल हलका आणि स्वस्त, पण पेटायला सोपा. इस्त्री असलेल्या खोलीत तो टाळलेलाच बरा.

परदेशी पुस्तकांत न सापडणाऱ्या दोन गोष्टी वसईत आधी बघाव्या लागतात. पहिली ओल. समुद्र जवळ, पावसाळा धो धो, बाहेरच्या भिंतीला पोपडे धरलेले. अशा भिंतीला बोर्ड थेट टेकवला तर श्रावण उजाडेपर्यंत फलालिनीला बुरशीचे ठिपके येतात. बोर्डामागे इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोकून हवेला वाट ठेवायची, जमत असेल तर आतली भिंत निवडायची. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्या घ्यायच्या, कारण सुती कापडावरचा गंजाचा डाग धुण्याने जात नाही. दुसरी गोष्ट छताचा पंखा. तो पाचवर असताना अर्ध्या तासाची जुळणी क्षणात जमिनीवर येते. बोर्डाचा खालचा भाग किंचित पुढे ओढून त्याला मागे कलता ठेवला तर तुकडे बरे टिकतात, पण पंख्यापुढे तेही हात टेकतात.

भिंत खरी कामाला येते रंगांच्या भांडणात. वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती आजीचं लाल चौकड्यांचं लुगडं गोधडीत घालायचं ठरवलं, तर तो लाल शेजाऱ्यांना बोलूच देत नाही. हातात धरलेला तुकडा हे सांगत नाही. सहा-सात फुटांवरून बघितलं की कळतं, सगळी नजर एका कोपऱ्यात ओढली जातेय. आठ फुटांच्या खोलीत तेवढं मागे जाता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. रंग गळून पडतात, फिकट आणि गडद तेवढे उरतात. हार्डवेअरच्या दुकानात दाराला बसवायचं पाहणीचं भिंग मिळतं, त्यातून पाहिलं की भिंत दूर गेल्यासारखी दिसते. ओट्याचं काम आता हे अंगठ्याएवढं भिंग करतं.

उजेडाचं मात्र कोणी मनावर घेत नाही. पिवळ्या दिव्याखाली निळा आणि हिरवा जुळे भाऊ वाटतात. अंतिम जुळणी दिवसा, खिडकीच्या उजेडातच पक्की करावी.

दिवाळीच्या आवराआवरीत कपाट इकडचं तिकडे होतंच. त्या वेळी दारामागची चार फूट भिंत मोकळी निघते का बघा. आधी वार-दीड वार फलालीन टाचून घरातल्या जुन्या सुती साडीचे दहा-बारा चौकोन तिच्यावर दाबून पाहा. पंखा तेवढा बंद करा.