मालवाहू पिकअपच्या सस्पेन्शनची अदृश्य हानी : नागपूर परिसरातील संत्रा वाहतुकीच्या संदर्भात

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर हे तालुके आणि लगतच्या अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीचा पट्टा येथून संत्र्याचा माल नागपूरच्या कळमना बाजारात येतो. बागेपासून बाजारापर्यंतच्या या वाहतुकीत एक ते दीड टन क्षमतेच्या पिकअप गाड्या सर्रास दिसतात. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते, मालक आणि चालक अनेकदा एकच असतो, आणि ती एक दिवस उभी राहिली तरी त्या दिवसाचे भाडे बुडून हप्ता मात्र कायम राहतो. अशा मालकाच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येतो. गाडी खड्ड्यात जोरात आदळली, तेव्हापासून मागून ‘टक-टक’ ऐकू येते. आत काही तुटले तर नसेल? हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला काटोलकडील एका आप्ताने विचारला. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या आधारे देता येते काय, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश होय.

प्रारंभी परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘सस्पेन्शन’साठी पारिभाषिक शब्द म्हणून ‘निलंबन’ सुचवला जातो. परंतु प्राध्यापकवर्गाच्या मनात या शब्दाने जी धडकी भरते तिचा वाहनाशी काही संबंध नाही. म्हणून येथे सस्पेन्शन हाच शब्द आणि गॅरेजमधील पाटे, शॉकअप, बुश, यू-बोल्ट हे रूढ शब्द वापरले आहेत.

खड्ड्यात नेमके काय घडते?

पिकअपच्या मागील आसावर पोलादी पाट्यांचा जुडगा असतो. सर्वांत लांब मुख्य पाट्याची दोन्ही टोके बुश व शॅकलद्वारे चासीला जोडलेली असतात, त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे असतात. हे सर्व मधोमध सेंटर बोल्टने एकत्र ओवलेले आणि यू-बोल्टांनी आसाशी आवळलेले असतात. पाटे भार पेलतात आणि आसाला जागेवरही धरून ठेवतात. शॉकअपचे काम निराळे आहे. तो भार पेलत नाही, तर पाट्यांची उसळी शमवतो.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ६० सेंटिमीटर लांबीचा खड्डा सुमारे ०.०५४ सेकंदात ओलांडते. एवढ्या अवधीत केवळ गुरुत्वाकर्षणाने चाक जेमतेम दीड सेंटिमीटर खाली जाईल. मग एवढा दणका का बसतो? कारण चाकाला खाली लोटणारे मुख्य बल दबलेल्या पाट्यांचे असते. समजा, एका बाजूच्या पाट्यांवर ८०० किलो भार आहे आणि चाक व आसाचा त्या बाजूचा भाग मिळून १०० किलो आहे. खालचा आधार सुटताक्षणी चाकावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या नऊपट बल खालच्या दिशेने कार्य करू लागते. पाटे उघडत जातील तसे ते कमी होते हे खरे. तरीही रिकाम्या गाडीचे चाक जो खड्डा वरच्यावर ओलांडते, त्याच खड्ड्यात भरलेल्या गाडीचे चाक खोलवर जाते आणि पलीकडच्या कडेवर जाऊन धडकते. खरा आघात या पलीकडच्या कडेचा असतो. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला असेल तर पाटे आधीच सपाट झालेले असतात, आस रबरी ठोकळ्याला भिडतो आणि धक्का थेट चासीत उतरतो.

खड्डे आणि संत्र्याचा हंगाम यांची गाठही दुर्दैवी आहे. जिल्ह्याच्या पश्चिम भागातील काळी जमीन पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील डांबरी रस्त्याचा पाया त्यामुळे स्थिर राहत नाही. पावसाळा संपतो, तेव्हा रस्त्यांची स्थिती सर्वांत वाईट असते, आणि नेमका त्याच सुमारास, ऑक्टोबरपासून, आंबिया बहराचा माल निघू लागतो.

खड्ड्यांचा दोष मात्र पिकअपवाल्याच्या माथी मारणे न्याय्य नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध आशो रस्ता-चाचणीतून असा निष्कर्ष निघाला की, रस्त्याची हानी स्थूलमानाने आसभाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. या हिशेबाने १० टनांचा एक आस २ टनांच्या आसाच्या ६२५ पट हानी करतो. खड्डे जड ट्रक पाडतात आणि त्यांची किंमत लहान गाडीचे पाटे मोजतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आघात नव्हे, थकवा

पाटा एका दणक्याने तुटतो ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रशियातील अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले की, एकदा सहज पेलता येणारा ताण लाखो वेळा दिला तर तोच धातूला तोडू शकतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. ताण थोडा वाढला तरी आयुष्य कितीतरी अधिक प्रमाणात घटते. तडा बहुधा पृष्ठभागावर, गंजाच्या बारीक खळीपाशी किंवा सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ जन्म घेतो आणि महिनोन्‌महिने मुकाट्याने वाढत राहतो. आवाज करणारा झिजलेला बुश तुलनेने निरुपद्रवी असतो. चिंता करावी ती आवाज न करणाऱ्या तड्याची.

येथे एका प्रचलित पद्धतीचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. बसलेले पाटे भट्टीत लाल करून, घणाने ठोकून त्यांना पुन्हा बाक दिला जातो. कारागिराच्या हातात कसब असते, याबद्दल शंका नाही. परंतु पाट्याला कारखान्यात दिलेले पाणी आणि बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागावर निर्माण केलेला दाब या दोन्ही गोष्टी त्या उष्णतेने नाहीशा होतात. पुन्हा तसेच पाणी दिले नाही तर पाटा वाकलेला दिसतो, पण पूर्वीचा राहत नाही. याऐवजी थंड अवस्थेत ठोकून बाक देणे बरे, आणि नवा पाटा टाकणे त्याहून बरे.

मालकाला स्वतः काय तपासता येईल? कोपरा दाबून गाडी हलवून पाहण्याची युक्ती कारला चालते. रिकाम्या पिकअपचे पाटे इतके ताठ असतात की तिच्यातून फारसे काही कळत नाही. त्यापेक्षा मोजपट्टी उपयोगी. गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करावी आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या बॉडीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. फरक ठळक असेल तर खालच्या बाजूचे पाटे बसले किंवा तुटले असण्याची शक्यता असते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतरही डावी-उजवीकडे मोजावे. ते जुळत नसेल आणि गाडी मागून तिरकी चालताना दिसत असेल, तर सेंटर बोल्ट तुटून आस सरकल्याचा संशय घ्यावा व गाडी हलवू नये. यू-बोल्टशेजारी घासून चकाकणारी खूण किंवा पाट्यावर आडवी, तांबूस भुकटीची रेघ दिसणे हीही धोक्याची चिन्हे होत. टायरवर लाटेसारखी झीज असल्यास शॉकअप पाहावा. खराब रस्त्यावरून आल्यानंतर चालू शॉकअप हाताला कोमट लागतो, निकामी झालेला थंड राहतो.

विम्याकडून फारशी आशा नाही. मालवाहू वाहनाच्या पॉलिसीत झीज, यांत्रिक बिघाड आणि अतिभारामुळे होणारे नुकसान वगळलेले असते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तो महत्त्वाचाच आहे. पाट्याच्या हानीची दखल मात्र कोठेच घेतली जात नाही. नव्या मालवाहू वाहनाची योग्यता-तपासणीही आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी होते. म्हणजे दोन तपासण्यांच्या दरम्यान आंबियाचे आणि मृगाचे प्रत्येकी दोन हंगाम निघून जातात.

उपरोक्त आप्ताने मोजपट्टी लावली, तेव्हा डावी बाजू जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली निघाली. पाटे उतरवल्यावर वरून तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या छिद्रातून दुभंगलेला आढळला. तुटलेल्या पृष्ठभागाचा अर्ध्याहून अधिक भाग गंजून तपकिरी झाला होता, उरलेला ताजा व चकचकीत होता. ज्या खड्ड्याला तो आठवडाभर दूषणे देत होता, त्याच्या वाट्याला फार तर तेवढा चकचकीत भाग येत होता. बाकीचा तडा त्यापूर्वीच पडलेला होता, आणि तेवढा काळ गाडी रोज पहाटे भरून कळमन्याला येत होती.