वॉशिंग मशीन अडलं? ‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी जाळी बघा

मशीन मध्येच थांबतं, स्क्रीनवर अक्षरं लुकलुकतात आणि कुणीतरी सांगतं, “कार्ड गेलं.” कार्ड म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बदलायचा तर हजारोंचा खर्च. पण अक्षरं दिसतायत ना, मग बहुतेक वेळा बोर्ड शाबूत असतो, तोच तक्रार सांगत असतो. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओई’ म्हणजे पाणी बाहेर जात नाही, ‘डीई’ म्हणजे झाकण नीट लागलेलं नाही. इतर कंपन्यांचे कोड वेगळे, ते पुस्तिकेत बघा.

बोअरचं पाणी असेल तर पहिला संशय जाळीवर. नळी मशीनला जोडते तिथे ही बारीक जाळी असते, तिच्यात गाळ आणि क्षार अडकतात. प्लग काढा, नळ बंद करा, मग नळी सोडून जाळी जुन्या ब्रशने धुवा. टाकी मशीनपेक्षा पुरेशी उंच नसेल तर दाबच मिळत नाही. तिथे जाळी धुऊनही उपयोग नाही.

बोर्ड खरोखर जळतो तो बहुधा व्होल्टेजच्या चढउताराने. लाईट गेली की बटण बंद करा, आल्यावर पाचेक मिनिटं थांबून चालू करा. उंदरांनी आतली वायर कुरतडली तरी मशीन असंच अडतं.

अंगाला झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करून प्लग काढा, आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासल्याशिवाय मशीन लावू नका.