स्तनाचे इम्प्लांट : कोणते घ्यावे, आणि घ्यावे का?

मागच्या महिन्यात एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय चव्वेचाळीस. उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली होती आणि मोठ्या शहरातील रुग्णालयात स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. सोबत नणंद होती. बाईंनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर कोणीतरी घाईघाईत लिहिले होते : ‘सलाइन की जेल? गोल की थेंब? गुळगुळीत की खरखरीत? आठ दिवसांत कळवा.’

‘‘डॉक्टर, साडीचा रंग विचारावा तसं विचारलंय हो. यातलं मला काय कळणार?’’ बाई म्हणाल्या. नणंद जरा अडखळत म्हणाली, ‘‘आणि हे करायलाच हवं का? या वयात?’’

हा विषय चारचौघांत बोलायचा नाही असे आपल्याकडे ठरून गेले आहे. त्यामुळे बायका तो घरी बोलत नाहीत, डॉक्टरांसमोर संकोचतात, आणि शेवटी सही करण्याच्या दिवशी जे पुढे येईल त्याला मान डोलावतात. म्हणून आज या सदरात त्याविषयी मोकळेपणाने लिहीत आहे.

नणंदेचा प्रश्न आधी घेऊ. स्तन नव्याने घडवणे ही काही जीव वाचवणारी शस्त्रक्रिया नव्हे. ती केली नाही म्हणून रोग लवकर उलटत नाही, आणि केली म्हणूनही उलटत नाही. एखादीला आरशासमोर उभे राहवत नाही, एखादीला पदर नीट बसत नाही याचेच दुःख होते, तर एखादी म्हणते, ‘जीव वाचला, मला आणखी काही नको.’ यातली कुठलीही बाई चुकत नाही. मात्र ‘या वयात’ हा निकष लावायचा अधिकार नणंदेला नाही, सासूला नाही आणि नवऱ्यालाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्याही अगोदर विचारायचा एक प्रश्न असतो आणि तोच पुष्कळदा राहून जातो : संपूर्ण स्तन काढण्याची गरज आहे का? गाठ लहान असेल तर गाठ व तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार दिले तरी आयुष्यमान तेवढेच राहते. इटलीतील मिलान येथे उंबर्तो व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हे दाखवून दिले आणि दोघांच्याही वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकीला ते लागू होत नाही. गाठी अनेक असतील किंवा स्तनाच्या मानाने गाठ मोठी असेल तर स्तन काढावाच लागतो. बाईंच्या बाबतीत तसेच होते. पण विचारण्यात कमीपणा कसला?

आता कागदावरच्या पहिल्या जोडीकडे वळू. इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या मजबूत रबरासारख्या पापुद्र्याची पिशवी. आत मिठाचे निर्जंतुक पाणी भरले की ते सलाइनचे, सिलिकॉनचा घट्टसर गर भरला की ते जेलचे. पापुद्रा दोन्हींत सिलिकॉनचाच असतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि गेरो या दोन शल्यविशारदांनी बसवले.

जेल हाताला अधिक नैसर्गिक लागते. विशेषतः स्तन काढल्यावर वर फक्त पातळ कातडी उरते, तेव्हा सलाइनच्या पिशवीच्या सुरकुत्या बोटाला, कधी डोळ्यालाही जाणवतात. सलाइनचा फायदा असा की ती फुटली तर दडून राहत नाही. पाणी शरीरात शोषले जाते, स्तन एक-दोन दिवसांत चपटा होतो आणि बाईला लगेच कळते. जेलची पिशवी फाटली तरी गर तिथेच बसून राहतो आणि वर्षानुवर्षे काही कळतही नाही.

जेलविषयी एक जुनी भीती अजून लोकांच्या मनात आहे. १९९२ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, म्हणजे एफडीएने, जेलच्या इम्प्लांटवर सर्वसाधारण वापरासाठी बंदी घातली होती. त्यांनी सांधेदुखी व तत्सम विकार होतात असे दावे कोर्टात चालले आणि डाऊ कॉर्निंग ही बलाढ्य कंपनी १९९५ साली दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. १९९९ साली तिथल्या तज्ज्ञ समितीने सगळा पुरावा तपासून सांगितले की असा संबंध सिद्ध होत नाही. २००६ साली परवानगी पुन्हा मिळाली. तरीही इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा जाणवल्याच्या स्त्रियांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. २०२१ पासून एफडीएने ठळक चौकटीतील इशारा बंधनकारक केला आहे, त्यात या तक्रारींचाही उल्लेख आहे. तपासणीत सापडत नाही म्हणून तक्रार खोटी असे मी तरी म्हणणार नाही.

माल कोणाचा आहे यालाही महत्त्व आहे. फ्रान्समधील पीआयपी या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरायचे स्वस्त सिलिकॉन भरले. २०१० साली हे उघडकीस आले, तोवर जगभरातील सुमारे तीन लाख स्त्रियांच्या अंगात ते गेले होते. मालकाला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. पण पिशव्या काढून घेण्यासाठी पुन्हा टेबलावर झोपावे लागले ते त्या बायकांना.

दुसरी जोडी, गोल की थेंब. थेंबाच्या आकाराचे वर निमुळते, खाली भरलेले असते आणि चित्रात फार छान दिसते. पण ते आत फिरले तर स्तन वाकडा दिसतो. गोल कसेही फिरले तरी गोलच. थेंबाने फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत करतात, म्हणजे भोवतालचे ऊतक त्याला धरून ठेवते.

इथेच तिसरी जोडी येते. कागदावर ती शेवटी लिहिली होती, पण माझ्या मते तिन्हींत महत्त्वाची तीच. खरखरीत इम्प्लांट एकेकाळी चांगले समजले जात, कारण त्यांच्याभोवतीचे आवरण कमी आवळते असा अनुभव होता. पुढे या इम्प्लांटभोवती एका विरळ प्रकारचा कर्करोग आढळू लागला. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. तो रोगप्रतिकारक पेशींचा, लिम्फोमाच्या जातीचा रोग आहे. एफडीएने २०११ साली पहिला इशारा दिला. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सने जास्त खरखरीत इम्प्लांटवर बंदी घातली. त्याच वर्षी जुलैमध्ये अॅलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ जातीची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. तोपर्यंत या रोगाच्या ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद एफडीएकडे झाली होती. लाखो इम्प्लांटच्या मानाने हा आकडा लहान आहे, यात शंका नाही. पण एका कर्करोगातून सुटलेल्या बाईने दुसऱ्याचा अगदी थोडासा का होईना धोका केवळ आकारासाठी घ्यावा, हे मला पटत नाही. म्हणून गुळगुळीत, आणि ओघानेच गोल, असे मी बाईंना सांगितले. ज्यांनी पूर्वी खरखरीत बसवून घेतले आहे त्यांनी घाबरून ते काढायला धावू नये. काही त्रास नसेल तर ते काढण्याचा सल्ला एफडीएनेही दिलेला नाही. मात्र काही वर्षांनी एका बाजूचा स्तन अचानक सुजला, घट्ट झाला किंवा काखेत गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवावे. सूज आलेल्या जागेतील पाणी सुईने काढून तपासले की निदान होते, आणि वेळेवर इम्प्लांट व आवरण काढले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

आता जे कागदावर मुळीच नव्हते ते सांगतो.

‘‘किरणोपचार लागणार आहेत का?’’ मी बाईंना विचारले. आपल्याकडे काही लोक त्याला ‘शेक’ म्हणतात. बाईंनी नणंदेकडे पाहिले, नणंदेने बाईंकडे. कोणी विचारलेच नव्हते! शरीरात कुठलीही बाहेरची वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती पातळ आवरण तयार करते. बहुतेकींत ते मऊ राहते. काहींत ते आवळत जाते, स्तन दगडासारखा घट्ट होतो, वर सरकतो, दुखतो. किरणोपचार झालेल्या छातीत हे फार अधिक प्रमाणात घडते. जखम उघडणे आणि जंतुसंसर्ग यांचे प्रमाणही वाढते. तेव्हा शेक लागणार असेल तर सलाइन-जेलचा खल करण्याआधी इम्प्लांट आत्ता बसवावे का, हाच विचार करावा लागतो. काही सर्जन आधी ‘एक्सपांडर’ नावाची फुगवायची पिशवी बसवतात, तिच्यात दवाखान्यात थोडे थोडे पाणी भरून कातडी ताणतात आणि काही महिन्यांनी कायमचे इम्प्लांट घालतात. म्हणजे शस्त्रक्रिया दोन, आणि शहराच्या फेऱ्या बऱ्याच.

‘कायमचे’ हा शब्दही जपून वापरायला हवा. इम्प्लांट जन्मभराचे नसते. एफडीएच्या २०११ च्या अहवालाप्रमाणे, सौंदर्यासाठी बसवलेल्यांपैकी पाचातल्या एकीचे आणि स्तन काढल्यावर बसवलेल्यांपैकी जवळपास दोघींतल्या एकीचे इम्प्लांट दहा वर्षांत काढावे लागते. चव्वेचाळीसाव्या वर्षी बसवले तर साठीच्या आत आणखी एका शस्त्रक्रियेची तयारी मनात ठेवलेली बरी. शिवाय जेलचे असेल तर त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ते शाबूत आहे ना हे पाहावे लागते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या बाईने हा खर्च, रजा आणि एसटीचा प्रवास आजच हिशेबात धरावा. शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटचे कार्ड मिळते. त्यावर कंपनी, क्रमांक आणि प्रकार असतो. ते रेशनकार्डाइतकेच जपून ठेवावे. पीआयपीच्या वेळी कोणाच्या अंगात काय आहे हे शोधताना अशा नोंदींचीच गरज पडली.

खर्चाविषयी एक उपयोगाची गोष्ट. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळत नाहीत. परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्या नियमातून वगळले आहे. तेव्हा विमा कार्यालयात पहिल्याच खिडकीवर ‘हे बसत नाही’ असे उत्तर मिळाले तर पॉलिसीतील ते कलम दाखवावे.

दुसरा मार्ग आपल्याच शरीराचा. पोटाची कातडी व चरबी, किंवा पाठीचा स्नायू वळवून स्तन घडवता येतो. शेक दिलेल्या छातीवर हा मार्ग अधिक टिकाऊ ठरतो, फुटण्याची भीती नाही, बदलण्याची कटकट नाही. पण शस्त्रक्रिया कित्येक तासांची असते आणि पोटावर किंवा पाठीवर आणखी एक मोठा व्रण येतो. पाठीचा स्नायू घेतल्यास हाताची ताकद थोडी कमी होऊ शकते, हे शेतात राबणाऱ्या बाईने आधी विचारून घ्यावे. मधुमेह ताब्यात हवा. आणि मिश्री! आपल्याकडच्या कित्येक बायका मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ म्हटले की नाही म्हणून सांगतात, कारण ती त्यांना तंबाखू वाटतच नाही. मिश्रीतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि वळवलेल्या भागाला रक्त न मिळाल्याने तो काळा पडू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे ती पूर्ण बंद हवी. इम्प्लांटच्या जखमेलाही हेच लागू.

कुठल्याही मार्गाने घडवलेला स्तन दिसायला स्तन असतो, पण त्याला पूर्वीचा स्पर्श कळत नाही. हे आधी सांगितले जात नाही आणि नंतर बायका एकट्या रडतात.

तिसरा मार्ग सुईशिवायचा. ब्रेसियरमध्ये घालायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, सुताने विणलेलाही मिळतो. नुसते फडके किंवा कापूस कोंबण्यापेक्षा हे केव्हाही चांगले, कारण सिलिकॉनच्या पॅडला वजन असते आणि खांदा एका बाजूला ओढला जात नाही. ज्यांना काहीच घालायचे नाही त्यांनी काहीच घालू नये.

जाता जाता, ज्या निरोगी मुलींच्या मनात केवळ आकार वाढवण्याचा विचार येतो त्यांच्यासाठी एवढेच : जाहिरातीतल्या तेला-मलमांनी स्तन वाढत नाहीत, आणि पातळ सिलिकॉन सुईने टोचून देतो म्हणणाऱ्याच्या दारातही उभे राहू नये.

शिक्षिका बाई आमच्याकडून उठल्या तेव्हा तोच कागद त्यांनी उलटा केला आणि पाठीमागे स्वतःच्या अक्षरात पाच प्रश्न लिहून घेतले. त्यात पहिला होता, ‘शेक लागेल का?’ दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. काखेतल्या गाठींत रोग उतरल्यामुळे शेक लागणारच होता. सध्या फक्त स्तन काढायचा, उपचार पुरे करायचे, आणि वर्षभराने पोटाच्या कातडीचे पाहू असे त्यांनी व त्यांच्या सर्जननी मिळून ठरवले होते.

‘‘आणि डॉक्टर,’’ बाई म्हणाल्या, ‘‘जूनमध्ये शाळा सुरू होईल. तोवर ते पॅड कुठं मिळतं तेवढं सांगून ठेवा. आमच्या वन्संच घेऊन येणार आहेत.’’