नव्याची पंचम : कणीस आधी कोणाचं?

मागच्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकी आमच्या बाल्कांवच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "बाय, तुमच्याकडे नव्याची दोन कणसं आहेत का गं? बाजारातली संपली." आमच्या चर्चचं कणसांचं फेस्त त्याच आठवड्यात रविवारी झालं होतं, म्हणून मी लगेच आत वळले. तर काकी मागून म्हणाल्या, "आल्तारावरची नको हां. ती एकदा देवापुढे ठेवलीत. वेगळी असतील तर दे." मी विचारलं, फादरनी त्यांच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडलंय, ते चालेल का? काकी हसल्या. "पाण्याचं काय? पाऊस पण पडलाच असेल त्यांच्यावर."

कणसं दिली. पण आल्तारावरची का नकोत, हे डोक्यात राहिलं. वाङ्मय मंडळाच्या या अंकासाठी विषय शोधत होते, तो असा पायरीवर मिळाला.

गोव्यात भाद्रपद शुद्ध पंचमीला नव्याची पंचम म्हणतात. आदल्या दिवशी गणपती बसतो आणि या दिवशी भाताची पहिली कणसं घरात येतात. कुठे घरातलेच शेतातून कापून आणतात, कुठे देवळात पूजा होऊन ती वाटली जातात. गणपतीपुढे ठेवायची, दाराला बांधायची आणि चार दाणे सोलून खिरीत टाकायचे. तो घास पोटात गेला की नवं खाल्लं. त्याआधी नव्या भाताचा दाणा तोंडात घालायचा नाही. कोकणात हेच नवान्न अश्विनातल्या पौर्णिमेला, कोजागिरीच्या दिवशी करतात.

आपण याला सरसकट 'कृतज्ञतेचा सण' म्हणून मोकळे होतो. मीही शाळेतल्या निबंधात तेच लिहिलं होतं. पण जरा महिना बघा. भाद्रपदात बरंचसं शेत हिरवं असतं. कापणीला अजून वेळ असतो, मधे एखादा मोठा पाऊस आला तर उभं पीक आडवं होतं. म्हणजे ज्याचे आभार मानायचे ते अजून हातात आलेलंच नाही! मला वाटतं, हा सण आभारापेक्षा थांबण्याचा आहे. पीक आपण पेरलं, आपण राखलं, तरी पहिला दाणा आपला नाही. तो आधी दुसऱ्या कुणापुढे ठेवायचा आणि मग उरलेल्याला हात लावायचा. काकींना म्हणूनच न ठेवलेली कणसं हवी होती. एकदा दिलेलं परत देता येत नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. वेदकाळात आग्रयण नावाची इष्टी होती. शरदात तांदळाची, वसंतात जवाची. ती केल्याशिवाय नवं धान्य खायचं नाही असा नियम, आणि शतपथ ब्राह्मणात तिचं वर्णन आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर अर्थ आणखी कडक होतो. देवांनी दिलेलं त्यांना न देता जो एकटा भोगतो त्याला तिथे सरळ चोर म्हटलंय. बी.ए.च्या वर्गात हे शिकताना मी मान डोलावली होती. 'चोर' या शब्दाशी थांबले नव्हते.

याच तिथीला महाराष्ट्रात ऋषिपंचमी असते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, नांगराशिवाय उगवलेल्या कंदमुळांची, पाल्याची भाजी करायची. गंमत म्हणजे एकाच पंचमीला इकडे नवं भात खातात आणि तिकडे नांगरलेल्या शेतातलं काही खात नाहीत. वरवर उलटं दिसतं. पण दोन्हीकडे ताटातला घास उचलण्याआधी तो कुणाच्या कष्टातून आला हे आठवावं लागतंच.

आता आमच्या बाजूचं. गोव्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त होतं. सासष्टीतल्या रायचं ५ ऑगस्टला असतं, ताळगावचं २१ ऑगस्टला. फादर मिरवणुकीने शेतात जातात, शेताला आशीर्वाद देतात, विळ्याने पहिली कणसं कापली जातात, मग बँड वाजवत ती चर्चमध्ये येतात. मिसा झाल्यावर घरोघर वाटतात. गावकार तेच, शेत तेच, धर्म बदलला तरी पहिलं कणीस कापायची रीत राहिली. मंगळुरी कॅथलिक लोक ८ सप्टेंबरला, सायबिणीच्या जन्मदिनी, घरी नवे दाणे घालून जेवतात आणि तेही शाकाहारी. त्या जेवणाला त्यांच्यात 'नवें'च म्हणतात.

बायबलमध्ये लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात हाच नियम आहे. पहिली पेंढी याजकाकडे न्यायची, त्याने ती परमेश्वरासमोर ओवाळायची आणि त्या दिवसापर्यंत भाकर, हुरडा काही खायचं नाही. मराठी बायबलात तिथे 'ओवाळणे' हाच शब्द आहे, जो काकी निरांजन घेऊन रोज करतात तोच. मम्मी खानापूरची, म्हणून आमच्या घरी प्रार्थना मराठीत होते आणि हा उतारा मी लहानपणापासून ऐकलाय. पण ओवाळणं म्हणजे काय ते मला काकींच्या घरी कळलं होतं, चर्चमध्ये नाही. दोन्ही धर्म सारखेच असं मला म्हणायचं नाही. काकी कणीस लक्ष्मी म्हणून घरात घेतात, आम्ही ते निर्माणकर्त्याला परत करतो, आणि कणसाला देव म्हणत नाही. हा फरक मोठा आहे. तरी आधी थांबायचं, हे दोन्हीकडे तितक्याच सक्तीने सांगितलंय.

खरी अडचण पुढे आहे. मी काकींना दिलेली कणसं आमच्या शेतातली नव्हती. आमचं शेत पडीक आहे, आजोबा गेल्यापासून. त्यात आता गवत आणि बांधावर कुणीतरी टाकलेल्या बाटल्या आहेत. चर्चमध्ये वाटलेली कणसं दुसऱ्याच्या शेतातली, काकींची नेहमीची बाजारातली. काकींचा मुलगा पॉवर टिलर चालवतो, दुसऱ्यांची शेतं करतो. त्याने दोनदा पप्पांना विचारलंय, तुमचं शेत मला करू द्या, अर्धं भात तुमचं. पप्पा नको म्हणतात. कारण गोव्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे : कूळ कायदा. १९६४ चा हा कायदा कसणाऱ्याच्या संरक्षणासाठी आला, पुढे दुरुस्ती होऊन कुळाला मालकीही मिळू लागली. ज्यांच्या घामाने शेत पिकायचं त्यांच्यासाठी ते न्यायाचंच होतं. पण आज कितीतरी जमीनमालक त्याच भीतीने शेत कुणाला कसायला देत नाहीत, ओसाड राहिलं तरी चालेल म्हणतात.

म्हणजे पहिला दाणा आपला नाही असं आम्ही दरवर्षी चर्चमध्ये म्हणतो, आणि ज्या जमिनीत तो उगवू शकला असता तिच्यावर कुलूप ठेवतो. पप्पा वाईट माणूस नाहीत. चतुर्थीला काकींकडे नेवऱ्या खायला सगळ्यात आधी तेच जातात.

हा लेख लिहिताना मी त्यांना गीतेतला तो चोराचा मुद्दा सांगितला, आणि लेवीयचाही, नाहीतर म्हणाले असते तुला कॉलेजात हेच शिकवतात का. ते पेपर वाचत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कागदावर नीट काही करता येतं का, वकिलाला विचारू." हे जानेवारीत झालं. पेरणी जूनमध्ये. वकिलाकडे अजून गेलेलो नाही. काकींच्या मुलाला मी एवढंच सांगितलंय की बांधावरच्या बाटल्या आम्ही उचलून घेऊ.