इंजिन बंद झाल्यावर चालणारा रेडिएटर पंखा

मोटारगाडीचे इंजिन बंद केल्यानंतरही रेडिएटरचा विद्युत पंखा काही मिनिटे फिरत राहणे ही अनेक गाड्यांत आढळणारी नेहमीची क्रिया आहे. मात्र पंखा थांबतच नसेल, किंवा इंजिन थंड असतानाही फिरत असेल, तर तो बिघाड समजावा. या दोहोंतील भेद न ओळखल्यास बॅटरी उतरण्यापासून इंजिनाचे हेड वाकण्यापर्यंतचे नुकसान होऊ शकते.

पार्श्वभूमी

अँबॅसडर, जुन्या जीप आणि ट्रॅक्टर यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. त्यामुळे इंजिन थांबताच तोही थांबे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० सारख्या पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते. त्याचा पट्टा समोरच्या रेडिएटरपर्यंत नेता येत नाही, म्हणून पंख्याला स्वतंत्र विद्युत मोटार द्यावी लागली. पंख्याचे चालणे इंजिनाच्या गतीवर नव्हे, तर शीतकाच्या तापमानावर अवलंबून राहू लागले. जुन्या वाहनांची सवय असलेल्या चालकास बंद गाडीतील पंख्याचा आवाज आजही खटकतो, त्याचे मूळ येथे आहे.

कारण

इंधनातील ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा शीतकात उतरतो. इंजिन चालू असताना वॉटर पंप हा शीतक रेडिएटरमधून फिरवतो. चावी बंद करताच बहुतेक गाड्यांत पंप थांबतो, पण सिलिंडर हेडचा धातू शीतकापेक्षा अधिक तापलेला असतो. ही साठलेली उष्णता जागच्या जागी थांबलेल्या शीतकात शिरते आणि इंजिन बंद असूनही काही मिनिटे तापमान वाढत जाते. चुलीवरून उतरवलेला भात झाकणाखाली मुरतो, तसाच हा प्रकार असल्याने त्यास 'उष्णता मुरणे' म्हणता येईल.

पंखा साधारणतः ९२ ते ९८ अंश सेल्सिअसला सुरू होतो आणि त्याहून काही अंश खाली आल्यावर बंद होतो. आकडे गाडीनुसार बदलतात. जुन्या रचनेत रेडिएटरवरील तापमान-स्विच हे काम करतो. नव्या गाड्यांत सेन्सरच्या संदेशावरून इंजिनाचा संगणक रिलेमार्फत पंखा चालवतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत आणखी एक कारण संभवते. धुराड्यातील गाळणीत साठलेली काजळी जाळण्याची क्रिया सुरू असताना गाडी बंद केली, तर पंखा जोरात चालू राहतो.

परभणी जिल्ह्यातील परिस्थिती

मराठवाड्यातील या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. रेडिएटर आणि हवा यांच्या तापमानातील फरक जितका कमी, तितकी उष्णता सावकाश बाहेर पडते. त्यामुळे दुपारी जिंतूर किंवा गंगाखेडहून आलेल्या गाडीचा पंखा थंडीच्या दिवसांपेक्षा जास्त वेळ चालला, तर त्यात वावगे नाही. काळ्या मातीची धूळ, वाळलेले गवत आणि कापसाचे तंतू रेडिएटरच्या जाळीत अडकतात, तेव्हा मात्र उन्हाला दोष देऊन भागत नाही. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ग्रामीण भाषेत शीतकालाही 'पाणी' म्हणतात, आणि म्हणूनच की काय, त्यात सर्रास बोअरचे पाणी ओतले जाते. खडकातील क्षार विरघळलेले हे जड पाणी नळ्यांत थर धरते. शीतक आणि क्षारमुक्त पाणी यांचे निर्मात्याने सांगितलेले मिश्रणच वापरावे.

तपासणी

सर्वप्रथम पाहायचे ते इंजिनाचे तापमान. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा पंखा चावी न लावताच फिरत असेल, तर दोष विजेच्या मंडलात आहे. इंजिन तापलेले असून पंखा दहा-पंधरा मिनिटांनंतरही थांबत नसेल, तर शीतकाची पातळी, थर्मोस्टॅट आणि जाळी पाहावी.

विजेच्या दोषात रिलेचे संपर्क-बिंदू चिकटणे हे नेहमीचे कारण. रिले काढल्यावर पंखा थांबला, तर त्याच्या जागी त्याच प्रकारचा दुसरा रिले लावून पाहावा. पंखा बंदच राहिला, तर जुना रिले निकामी. पुन्हा फिरू लागला, तर दोष स्विच, सेन्सर किंवा त्यांच्या तारांत. रिले काढूनही पंखा फिरत असेल, तर मोटारीकडे जाणारी तार कोठेतरी वीजपुरवठ्याला चिकटली आहे.

येथे एक फसगत होते. जुन्या गाडीतील चिकटलेल्या तापमान-स्विचची जोडणी काढली की बहुधा पंखा थांबतो. नव्या गाडीत चावी चालू असताना सेन्सरची जोडणी काढली, तर उलट पंखा सुरू होतो, कारण संदेश मिळाला नाही की संगणक इंजिन तापले असे गृहीत धरतो. ही संरक्षक योजना आहे, तिला बिघाड समजू नये.

पंख्याची तार कायमची काढणे, त्याला 'डायरेक्ट' जोडणे किंवा थर्मोस्टॅटच काढून टाकणे हे उपाय अनेक ठिकाणी केले जातात. ते चुकीचे आहेत. पहिल्याने इंजिन उकळते, दुसऱ्याने मोटार विनाकारण झिजते, तिसऱ्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि इंधन वाढते. रात्रभर पंखा चालण्याची भीती असल्यास तेवढ्यापुरता पंख्याचा फ्यूज काढावा, पण गाडी सुरू करण्यापूर्वी तो परत बसवावा. १२ अँपिअर घेणारा पंखा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे तीन तासांत रिकामी करतो.

सुरक्षितता

विद्युत पंखा चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी, सदऱ्याची बाही किंवा ओढणी पात्यांपासून दूर ठेवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वरही न उकळता राहिलेला असतो, आणि झाकण सैल होताच वाफेसह उसळून चेहरा व हात भाजतो. इंजिन हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबावे.